वंशावळीची वही, नोंद अकरावी: बेथ की काफ?

मंडळी, मागच्या नोंदीनंतर पावसाळा आडवा आला. कबरस्तानात गवत कमरेएवढं वाढतं, त्यात जनावराची भीती, त्यामुळे चार महिने तिकडे फिरकले नाही. दिवाळीनंतर गवत कापून झालं तशी गेले आणि दगडावरच्या एका हिब्रू अक्षरापायी वहीतली अख्खी फांदी पुसून पुन्हा काढावी लागली. ते सगळं सविस्तर सांगते, कारण जुने हिब्रू दगड वाचणाऱ्या कुणालाही हा घोटाळा होऊ शकतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं आधीचं. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही गोष्ट आमच्यात प्रत्येक मूल ऐकतं. त्या सात जोडप्यांपासून आपल्यापर्यंतची नावं मात्र कुणाला सांगता येत नाहीत. पोथ्या समुद्रात गेल्या, तोंडात राहिला तो शेमा, ही आमची प्रार्थना. पुढे तेलाच्या घाण्यावर पोट चाललं, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले, आणि आडनावं गावांवरून पडली: रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. शेजारचे लोक नाशिक-त्र्यंबकला गेले की उपाध्यांच्या वहीत त्यांच्या पाच-सहा पिढ्या सापडतात. आमची तशी वही कुठेच नाही. आमच्या हाताशी आहेत ते जमिनीचे जुने फेरफार, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कुणाच्या ट्रंकेत जपलेला केथुबा (लग्नाचा करारनामा), आणि दगड.

नावांची एक खूणगाठ नेहमी लक्षात ठेवा. जुन्या मराठी कागदांत आमची माणसं हिब्रू नावाने भेटत नाहीत. १७९६ साली मुंबईत आमचं पहिलं सिनॅगॉग (प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे मराठीत समाजी हसाजी दिवेकर. शमुवेलचा समाजी आणि यहेज्केलचा हसाजी होतो, हे ठाऊक नसेल तर एकाच माणसाची दोन माणसं होतात. माझ्या वहीत तशी तीन झाली होती.

आता पणजोबांचा दगड. वर पे आणि नून ही अक्षरं, म्हणजे ‘इथे पुरलं आहे’. मग त्यांचं नाव, बेन (म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’), वडिलांचं नाव. मग हिब्रू महिना किस्लेव आणि हिब्रू साल. सगळ्यात खाली ताव, नून, सादे, बेथ आणि ‘हे’ ही पाच अक्षरं, ‘त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो’ या अर्थाची. मराठी ओळी आणि इंग्रजी तारीख जिथे होती तो कोपरा फुटून गेलाय. म्हणजे सालासाठी हिब्रू अक्षरांवरच भिस्त.

हिब्रू अक्षरांना आकड्याची किंमत असते. ताव ४००, शिन ३००, आणि तिसरं अक्षर मी तीन वर्षांपूर्वी वाचलं ते बेथ, म्हणजे २. झाले ७०२. हिब्रू साल खरं ५७०२, पण दगडावर ५००० सहसा कोरत नाहीत, ते धरून चालायचं. इंग्रजी सालासाठी ७०२ मध्ये १२४० मिळवले की १९४२. मी शाईने लिहून टाकलं: पणजोबा गेले १९४२.

आणि इथेच चुकलं. आमच्या आजोबांचे सगळ्यात धाकटे भाऊ १९४४ चे. बाप १९४२ ला गेला तर मुलगा १९४४ ला कसा? मी त्यांना उचललं आणि पणजोबांच्या भावाच्या खाली तुटक रेघेने जोडलं. दत्तक वगैरे असेल, असा मनाशी अंदाज केला. त्यांची मुलगी इस्रायलमध्ये अश्दोदला असते. मी पाठवलेला तक्ता बघून तिचा फोन आला. रागावली नव्हती, पण आवाज भरून आला होता. म्हणाली, “ताई, आमच्या बाबांना तुम्ही दुसऱ्याच्या घरात का बसवलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी पावसाळाभर उराशी घेऊन होते.

म्हणून या वेळी संध्याकाळी गेले. मागे एकदा मी दगडावर रांगोळी चोळली होती; तसं करू नका, कण खाचांत बसून राहतात. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर नकोच नको. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि उजेड उतरल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. सावल्या लांबतात आणि खाऱ्या वाऱ्याने झिजलेली अक्षरं वर येतात.

बेथ आणि काफ दोन्ही उजवीकडून वळून डावीकडे उघडणारी. फरक एवढाच की बेथला खाली उजव्या कोपऱ्यात छोटी टाच असते, काफची पाठ गोल वळते. झिजल्यावर टाच आधी जाते. पण त्याच दगडावर त्याच कारागिराच्या हातचे आणखी दोन बेथ होते: एक ‘बेन’ मधला, दुसरा खालच्या पाच अक्षरांतला. दोन्हीवर टॉर्च आडवा धरला. दोन्हींना टाच होती, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी, पण होती. सालातल्या अक्षरावर धरला, तर कोपरा साफ गोल. काफ. काफची किंमत २०. म्हणजे ७२०. १२४० मिळवून १९६०, आणि किस्लेव नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे इंग्रजी साल बदलायच्या आधी येतो म्हणून एक वजा (मागच्या वेळी हे राहूनच गेलं होतं): १९५९.

दगड एकटा पुरावा नको म्हणून आत्याकडे गेले. तिच्याकडे १९५५ च्या एका लग्नातला फोटो आहे, मागे पेन्सिलीने साल लिहिलेलं. पुढच्या रांगेत टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ. मी विचारलं, हेच कशावरून? आत्याने चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवलं. “हात बघ ना गं. उजवा अंगठा नाहीये. घाण्यात गेला होता त्यांचा.” मी भिंगातून पाहिलं. मांडीवर ठेवलेल्या हाताला चारच बोटं.

त्या रात्री तनाख, म्हणजे आमचं हिब्रू बायबल, उघडून एज्राचा दुसरा अध्याय वाचत बसले. बाबेलहून परतलेल्यांची ती यादी लहानपणी मी पानं उलटून टाळायचे. आता मला त्यातली एकसष्टाव्या वचनाच्या आसपासची वचनं सगळ्यात जवळची वाटतात. दलाया, तोबीया आणि नकोदा यांच्या वंशातल्या ६५२ माणसांना आपण इस्राएलातले आहोत हे दाखवता आलं नाही. बर्जिल्लयाच्या वंशजांचं तर नावच सासरचं: मूळ पुरुषाने गिलादी बर्जिल्लयाची मुलगी केली आणि तिच्या घराण्याचं नाव लावलं, घरजावयासारखं. त्यांनी वंशावळीची नोंद शोधली, ती सापडली नाही, आणि त्यांना याजकपणातून बाजूला ठेवलं. पण यादीतून गाळलं नाही. कागद नसलेल्यांचीही मोजदाद झाली, कारणासकट लिहिली गेली. नहेम्याच्या सातव्या अध्यायात तीच यादी आहे आणि तिथे तो आकडा ६४२ आहे. दोन्हीकडे एकूण बेरीज ४२,३६० दिली आहे, आणि आतल्या आकड्यांची बेरीज केली तर दोन्हीकडे ती जुळत नाही. नकलणाऱ्यांनी दोन्ही याद्या तशाच पुढे दिल्या.

आम्हा लोकांना हा अध्याय परका नाही. १९६२ साली इस्रायलमध्ये बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात असा धर्माधिकाऱ्यांचा आदेश निघाला होता. कोकणातून गेलेल्या माणसाने कुठून दाखवायच्या पिढ्या? त्यावर मोठी आंदोलनं झाली आणि १९६४ साली आम्ही सर्व बाबतींत ज्यूच आहोत हे मान्य झालं. आत्याला ते दिवस आठवतात, पण त्यावर ती फार बोलत नाही.

वहीत केलेले बदल: धाकट्या आजोबांची रेघ पणजोबांखाली, अखंड, शाईने. १९४२ खोडलं नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी १९५९, समासात ‘बेथ वाचला, काफ निघाला’ आणि तारीख. दोन फेरफारांत आडनाव बदलणारा एक पूर्वज मी पुरावा नाही म्हणून वगळला होता, त्याला परत घेतलं, प्रश्नचिन्हासह. अश्दोदला टॉर्चच्या उजेडातले तिन्ही अक्षरांचे फोटो पाठवले. तिने उलट तिच्या बाबांच्या केथुब्याचा फोटो पाठवला. त्यात वराच्या नावापुढे बेन, आणि पुढे पणजोबांचं नाव, ठसठशीत.

पुढचं काम पणजोबांच्या शेजारच्या दगडाचं. तो पणजीचा असावा. ‘बाथ’, म्हणजे ‘अमक्याची मुलगी’ म्हणताना येतो तो शब्द, स्पष्ट लागतो. त्यापुढे तिच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर दालेथ आहे की रेश, तेवढं लागत नाही. तिच्या माहेरचं नाव आत्यालाही ठाऊक नाही. पावसाच्या आत अजून दोन संध्याकाळी जाऊन येते.