शनिवारला कुलूप

स्टॉकहोममध्ये शनिवारची सकाळ आपोआप मिळत नाही, ती अडवावी लागते. आमच्या इमारतीच्या तळघरात, सायकलींच्या खोलीला लागून, कपडे धुण्याची सामायिक खोली आहे. तिच्या दाराशेजारी एक फळा. त्यावर आडव्या महिन्याच्या तारखा, उभ्या वेळा: सात ते दहा, दहा ते एक, असं करत रात्री दहापर्यंत. प्रत्येक चौकटीत एक भोक. प्रत्येक घराला बोटाएवढं एक कुलूप दिलेलं असतं, त्यावर घराचा नंबर. हव्या त्या चौकटीत कुलूप सरकवायचं, किल्ली फिरवायची, की ते तीन तास तुमचे. कुलूप एकच, त्यामुळे दोन-दोन वेळा धरून ठेवायची सोय नाही. नव्या इमारतींत आता भिंतीवर स्क्रीन असते, फोनवरूनही बुकिंग होतं. पण मला फळाच बरा वाटतो. चौदा नंबरवाल्यांनी याही महिन्यात शनिवार पटकावलाय, हे सगळ्यांना दिसतं तरी.

इथल्या मराठी मंडळींची आमंत्रणंसुद्धा या फळ्याच्या तंत्रानं चालतात. ‘रविवारी जेवायला या’ म्हटलं की पलीकडून उत्तर येतं, ‘रविवारी आमची लाँड्री आहे.’ यावर कुणी रुसत नाही, आग्रह करत नाही. मुलाची परीक्षा, बायकोचं डोकं दुखणं वगैरे कारणांवर प्रश्न विचारता येतात, लाँड्रीवर नाही. पैसे मात्र वेगळे पडत नाहीत, ते घरभाड्यातच आले. न्यू जर्सीचा माझा मावसभाऊ धुण्याच्या मशीनमध्ये टाकायला आठवडाभर चिल्लर साठवायचा तेव्हाची त्याची वर्णनं ऐकली आहेत, त्यामानानं आम्ही सुखी.

सुख नियमांच्या आतलं आहे. वेळ सुरू होऊन अर्धा तास झाला आणि तुम्ही उगवला नाहीत, तर मशीन कुणीही घ्यावं. निघताना लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांचे तंतू अडकवणारी जाळी, साफ करायचा, साबणाचा खण पुसायचा, फरशीवरून ओला मॉप फिरवायचा. दहा वाजता म्हणजे दहाला बाहेर. दहा वाजून पाच मिनिटांनी ड्रममध्ये तुमचे मोजे फिरत असले, तर तुमची नोंद झालीच म्हणून समजा.

ही नोंद तोंडी नसते. इथे शेजारी तोंडावर काही बोलत नाही. लिफ्टमध्ये माझ्यासोबत चार मजले चढून जाणारा माणूस बुटांच्या टोकांकडे पाहत उभा असतो, आणि मी दार उघडायच्या आधी पलीकडे कुणाची चाहूल लागली तर दोन क्षण आतच थांबायला शिकलो आहे. अशा या अबोल लोकांना कागद दिसला की वाचा फुटते. लाँड्रीतल्या रागीट चिठ्ठ्या ही स्वीडनमधली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, त्यावर स्वीडिश लोक स्वतःही हसतात. चिठ्ठीची सुरुवात ‘हेइ!’ अशी गोड असते, शेवटी स्नेहपूर्वक नमस्कार, आणि मधे कुणाच्या तरी मांजराच्या केसांवर सविस्तर भाष्य. खाली दुसऱ्या पेनानं उत्तर: मांजर आमचं नाही. त्याखाली तिसऱ्या कुणीतरी पहिल्याची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केलेली. एकही सही नाही.

चाळीतल्या नळावरची भांडणं ऐकत वाढलेल्या माणसाला हे आधी भेकडपणाचं वाटतं. भांडायचं तर समोर ये ना बाबा! पण नळावरच्या भांडणातला शब्द आणि शब्द अख्ख्या चाळीला पुढची वीस वर्षं पाठ असायचा. इथली चिठ्ठी पुढच्या सफाईला कचऱ्यात जाते आणि लिहिणारा लिफ्टमध्ये पुन्हा बुटांकडे पाहायला मोकळा. मला आता दुसरी पद्धत जास्त माणुसकीची वाटू लागली आहे, हे गावाकडच्यांना सांगायची सोय नाही.

मागच्या हिवाळ्यात आई आली. फळा, कुलूप, तीन तास हे सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे रोजचे कपडे रोज धुवायचे नाहीत?” नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी शाळेतून मळका शर्ट घालून यायचो तेव्हाची होती. दुसऱ्या दिवसापासून तिचे कपडे बाथरूममध्ये हातानं धुतले जाऊ लागले आणि खिडकीखालच्या हीटरवर वाळू लागले. साबणाचं तिचं माप मात्र चुकायचं. स्टॉकहोमचं पाणी मेलारेन तळ्यातून येतं आणि ते मऊ असतं. बोअरच्या जड पाण्याला सरावलेल्या हातानं मूठभर पावडर टाकली की फेस बादलीबाहेर. “वाया किती जातंय,” म्हणत तिनं मूठ चमच्यावर आणली.

हळदीपुढे मात्र तीही हरली. वरणाचा डाग पडलेला माझा पांढरा शर्ट तिनं घासला, साबण लावला आणि सवयीनं म्हणाली, “आता उन्हात टाक.” हळदीचा पिवळा रंग उजेडानं उडतो, हे तिला कुणी रसायनशास्त्र शिकवल्याशिवाय माहीत होतं. पण डिसेंबर होता. इथे तेव्हा दिवस जेमतेम सहा तासांचा, त्यातही सूर्य छपरांच्या मागून वाकून पाहून जातो. शर्ट डागासकट घडी घालून ठेवला. माझ्या कपाटात अशा शर्टांचा एक ढीगच आहे, जूनची वाट पाहणारा.

तळघर तिला दाखवायला नेलं तेव्हा मी जरा इतिहासही सांगितला. पूर्वी इथल्या बायका हिवाळ्यात तळ्यातला बर्फ फोडून त्या पाण्यात कपडे खळबळायच्या. मग विसाव्या शतकात शहरं वाढली, भाडेकरूंसाठी इमारती झाल्या आणि धुण्याची खोली बहुतेक इमारतींत आली. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत सरकारी धोरणानं दहा लाख घरं बांधली, त्या इमारतींतही ती होतीच. त्याच्याही आधी, १९४४ साली, इथे घरकामाचा शास्त्रीय अभ्यास करणारी एक संस्था निघाली होती. गृहिणीचा वेळ आणि श्रम कुठे जातात, ते कमी कसे करता येतील, याचा अभ्यास. आईनं बाकी इतिहास कानाआड केला. इथे मात्र थांबली. “हे मोजायला माणसं नेमली होती?” मी हो म्हटलं. “आणि पगार देऊन?” हो. ती बराच वेळ मशीनच्या काचेतून फिरणारे कपडे बघत बसली. मग म्हणाली, “आमच्याकडे कुणी मोजलं असतं तर तुझ्या आजीचा आकडा मावला नसता.”

तिचं मन जिंकलं ते मँगलनं. कोपऱ्यात रुंद लाकडी रुळांचं हे यंत्र असतं. चादरी ताणून त्यातून काढल्या की इस्त्री केल्यासारख्या गुळगुळीत निघतात. तरुण लोक त्याला हात लावत नाहीत, बोटं अडकण्याच्या भीतीनं किंवा आळसानं. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी टेबलक्लॉथ घेऊन तिथे होत्या. आईनं आपली नारायणपेठी पुढे केली. आजींना मराठी येत नव्हतं, आईला स्वीडिश. एकीनं पदर धरला, दुसरीनं काठ, आणि नऊवारी लांबीचं कापड रुळांतून सरळ रेषेत बाहेर आलं. आजींनी काठाच्या जरीवर बोट फिरवून काहीतरी विचारलं. आईनं मराठीतच उत्तर दिलं, किमतीसकट.

या खोलीत माणसं बोलतात ती एरवी जुलैत. जुलैत स्वीडिश लोक सुट्टीवर जातात, बेटांवरच्या नाहीतर जंगलातल्या छोट्या घरांत. फळा जवळजवळ रिकामा. शनिवार सकाळची भोकं उघडी पाहून मला अजूनही लॉटरी लागल्यासारखं होतं. शहरात उरतो आम्ही, बाहेरून आलेले: तिसऱ्या मजल्यावरचं इराकी कुटुंब, चिलीहून लहानपणी आलेले एक ड्रायव्हर काका, आम्ही. पडदे, रजया, सोफ्याची कव्हरं, वर्षभर ज्याला स्लॉट पुरला नाही ते सगळं खाली येतं. कुणी कुलूपही लावत नाही.

यंदा मी आईनं शिवलेली गोधडी नेली. पाणी पिऊन ती इतकी जड झाली की पिळायच्या वेळी मशीन जागचं हलू लागलं. इराकी बाई धावत आल्या, बंद करा म्हणाल्या. ड्रायव्हर काकांचं मत, ड्रममध्ये सोबत दोन टॉवेल टाका, तोल सावरेल. बाईंचं म्हणणं, असली वस्तू मशीनची नाहीच, बाथटबमध्ये पायांनी तुडवायची, त्यांच्याकडे तसंच करतात. आमच्याकडेही तसंच करतात, मी म्हटलं. मग मशीनमध्ये का घातलीत? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिघांनी मिळून ती बाहेर काढली, दोन टोकांनी धरून पिळली, आणि गरम हवेच्या कपाटात टाकावी की वाळवणीच्या खोलीत दोरीवर, यावर पुन्हा वाद सुरू झाला. काका कपाटाच्या बाजूचे होते. बाई म्हणाल्या, आतला कापूस गोळा होईल. आवाज चढले होते आणि बाईंचा धाकटा मुलगा भिंतीवरची शांतता पाळण्याविषयीची चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवत होता.