दलदलीत संपलेला रस्ता

मी बीडचा, सिव्हिल इंजिनिअर. सध्या आयर्लंडच्या पश्चिमेला, काउंटी मेयोत सर्व्हेची कामं करतो. गेल्या मार्चात पाण्याच्या पाइपलाइनसाठी एका डोंगरावर ड्रोन उडवला. फोटोत चारेक मीटर रुंद, दोन्ही कडांना दगड लावलेली पट्टी दिसली. मी खूश! पाइप वर न्यायला आयताच रस्ता. नकाशात तशी खूणही करून टाकली.

चालत गेलो, तर साताठशे मीटरवर रस्ता दलदलीत संपला. पुढे ना घर, ना वाडी. मेंढ्यांमागे आलेल्या आजोबांना विचारलं, हा जातो कुठे?

"कुठेच नाही. पैसे थांबले तिथं थांबला."

१८४६ साली करप्याने आयर्लंडचं बटाट्याचं जवळजवळ सगळंच पीक नेलं, दुष्काळ पडला. राज्य तेव्हा इंग्रजांचं. फुकट खायला घातलं तर लोक आळशी होतील, ही लंडनची भीती. शिवाय सरकारी कामातून एखाद्याच जमीनदाराचं भलं होता कामा नये. मग भुकेल्यांना मजुरी द्यायला उरले असे कुठेच न जाणारे रस्ते. मार्च १८४७ मध्ये ७ लाखांवर माणसं या कामांवर होती, बायका-पोरांसकट. त्यानंतर कामंच गुंडाळली. खजिन्याचा कारभार पाहणारे ट्रेव्हेल्यनसाहेब पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. असो.

ऊन कललं तसे समोरच्या उतारावर वरंबे उमटू लागले. बटाट्याचे. भर दुपारी ड्रोनला ते दिसलेच नव्हते. १८४१ मध्ये मेयोत ३ लाख ८८ हजार माणसं होती, दहा वर्षांनी २ लाख ७४ हजार. आजोबांच्या घरातलेही तिघं अमेरिकेला गेले. निघायच्या आदल्या रात्री मयताला जागतात तसं सगळं गाव जागायचं, कारण पुन्हा भेट नाही हे ठरलेलंच.

माझी आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायची, सुकडीवर दिवस काढायची, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मजुरी वेळेवर मिळायची?"

मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाइपलाइन रस्त्यापासून बाजूला घेतली. ४० मीटर पाइप वाढला. साहेबांनी नकाशा पाहिला आणि काही न बोलता सही केली. तेही मेयोचेच.

रात्री आईला फोन लावला.

"मजुरी? कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने."

"आणि तो रस्ता?"

"अरे, एसटी जाते की त्यावरून."