पाडे भरलेले असताना जव्हार : एक प्रवास आणि काही सूचना

नाशिकहून त्र्यंबकेश्वर आणि मोखाडा या मार्गाने निघाले, की जव्हार सुमारे 80 किलोमीटरवर आहे. मुंबईकडून येणाऱ्यांना मनोर आणि विक्रमगड हा रस्ता सोयीचा पडतो. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस नाशिकच्या बाजूने गेलो. त्र्यंबक मागे पडल्यावर घाट उतरतो, वस्ती विरळ होते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरांत निसवलेले भात, त्याच्या वरच्या उतारावरील वरकस म्हणजे हलक्या जमिनीत नागली (नाचणी) आणि वरई, अधूनमधून खुरासणी या तेलबियांच्या पिकाचे पिवळे पट्टे असे पीक दिसू लागते. हा रस्ता दिवसाउजेडी करावा, कारण धुके आणि पावसाने उखडलेले वळण रात्री ओळखू येत नाही.

जव्हार हे पालघर जिल्ह्यातील, समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंचीवरचे गाव असून 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास आहे. पर्यटकांना ते जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणून सांगितले जाते. ही ओळख मला अपुरी वाटते. महाबळेश्वर पर्यटकांवर चालते, तर जव्हार चालते ते सभोवतालच्या पाड्यांतील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी कुटुंबांच्या कमाईवर आणि सरकारी पगारांवर. तालुक्यातील दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. बाजारपेठेत मात्र दुकानांचे गल्ले बहुतांशी बाहेरून येऊन पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या व्यापाऱ्यांकडे आहेत, आणि पाड्यावरची बाई फूटपाथवर फडके अंथरून भाजीचे वाटे मांडते. ही रचना एकदा लक्षात आली की गावात फिरताना पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

इतिहासाचा भाग थोडक्यात सांगतो. येथे महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचे राज्य होते आणि त्याची सुरुवात 1343 पासून मानली जाते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज ज्या माळावर थांबले तो शिरपामाळ गावाजवळच आहे आणि सकाळच्या वेळी तेथे अवश्य जावे. जयविलास राजवाडा खासगी मालकीचा असल्याने तो कधी पाहता येईल हे आधी विचारून घ्यावे. संस्थानी काळाची खूण रुग्णालयाच्या नावातही राहिली आहे. पतंगशाह कुटीर रुग्णालय हा आजही जव्हार आणि मोखाड्यातील कुटुंबांचा मोठा आधार आहे.

या रुग्णालयाच्या आवारात थोडा वेळ थांबले तरी तालुक्याची अर्थव्यवस्था समोर येते. दूरच्या पाड्यावरून बाळंतिणीला आणण्यासाठी जीपचे भाडे, सोबत आलेल्यांचा बुडालेला रोज आणि बाहेरचे जेवण असा खर्च आजारापेक्षा आधी उभा राहतो. 1992-93 मध्ये वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली तेव्हा राज्याचे लक्ष इकडे वळले आणि पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले. पालघर हा स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजनाही आता चालू आहे. परंतु अंगणवाडीतील ताट तेव्हाच पोटात जाते, जेव्हा ती बाई पाड्यावर असते, आणि वर्षातील कितीतरी महिने ती पाड्यावर नसते.

याचे कारण शेतीच्या वेळापत्रकात आहे. रोपांची जागा राब म्हणजे पालापाचोळा भाजून तयार करायची, मृगात पेरायचे, मग आवणी म्हणजे रोपांची लावणी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी व झोडणी. बहुतेक शेती पावसावरच अवलंबून असल्याने भात झोडून घरात आले की गावात काम उरत नाही. मग घरेच्या घरे जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याण, वाडा या भागांतील वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर किंवा बागायतींत ही माणसे जातात. भट्टीमालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. शिमग्याला मंडळी सणापुरती घरी येतात आणि पुन्हा जातात. मुलांची शाळा या येण्याजाण्यात तुटते, म्हणून अनेक आईबाप त्यांना आश्रमशाळेच्या वसतिगृहात ठेवतात. ज्यांना जागा मिळत नाही ती मुले विटांच्या थप्प्यांजवळ वाढतात. मला या प्रवासात सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली.

भट्टीवरून आणलेला पैसा पावसाआधी जव्हारच्या पेठेत येतो. बियाणे, खत, छपरासाठी प्लॅस्टिक, मीठ, तेल आणि पावसाळाभर पुरेल अशी सुकट व बोंबील यांची खरेदी होते. एका दुकानदाराने सांगितले की त्याचा वर्षाचा धंदा पावसाच्या तोंडाशी आणि शिमग्याच्या आधी ठरतो, पर्यटकांच्या गर्दीने त्यात विशेष फरक पडत नाही. राहण्याची ठिकाणे आणि खानावळी यांचे गणित अर्थातच वेगळे आहे.

पाण्याविषयी सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. येथे पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो, आणि मार्चपासून अनेक पाड्यांवर विहिरींनी तळ गाठलेला असतो. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुंबईत नळ उघडणाऱ्या प्रत्येकाने हा भाग एकदा उन्हाळ्यातही पाहावा असे मला मनापासून वाटते.

बदल मात्र जेथे थोडेसे पाणी साठले तेथे नजरेत भरतो. विक्रमगड आणि जव्हारच्या काही पाड्यांवर मोगऱ्याची लागवड झाली आहे. कळ्या पहाटे खुडतात आणि त्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जातात. आम्ही ज्या कोकणा शेतकऱ्याकडे गेलो त्यांनी उतारावर आंबा आणि काजू लावले आहेत, मधल्या जागेत मोगरा आहे. जमीन तयार करण्यात आणि खड्डे खणण्यात सुरुवातीची वर्षे गेली, पण आता घरातील कोणी भट्टीवर जात नाही, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. भाव रोज बदलतो आणि सणासुदीला चढतो, दलालीही द्यावी लागते, तरी रोख पैसा घरी येतो आणि मुले गावच्या शाळेत राहतात. बागेसाठी लागणारे पाणी प्रत्येक पाड्याला मिळेल अशी स्थिती नाही, त्यामुळे एका यशावरून साऱ्या तालुक्याचा अंदाज बांधू नये.

जाणाऱ्यांनी काळ निवडताना याचाच विचार करावा. सप्टेंबरची अखेर ते दिवाळी हा काळ उत्तम, कारण तेव्हा पाडे माणसांनी भरलेले असतात, धबधब्यांना पाणी असते आणि नवे धान्य येऊ लागले की दुधी भोपळ्याच्या तारप्याचे, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याचे, सूर रात्री ऐकू येतात आणि त्यावर नाच चालतो. तो नाच त्यांच्या स्वतःच्या आनंदाचा आहे. बोलावले तर जावे, पैसे देऊन नाच मांडायला लावू नये. दिवाळीनंतर गेलात तर हवा सुखद असेल, पण कितीतरी दारांना कुलपे दिसतील.

दाभोसा धबधबा जव्हारपासून सुमारे 20 किलोमीटरवर, लेंडी नदीवर आहे. वरून तो जितका सुंदर दिसतो तितकाच खाली धोकादायक आहे. पायवाट निसरडी असते आणि डोहात उतरणे किंवा वरून उडी मारणे जिवावर बेतते. काळमांडवी धबधब्यालाही हीच खबरदारी घ्यावी. दोन्ही ठिकाणी जवळच्या पाड्यावरील एखादा माणूस वाट दाखवायला घ्यावा आणि त्याला पूर्ण दिवसाचा रोज द्यावा, कारण तो शेतातील काम सोडून आलेला असतो.

एसटीने फिरायचे असेल तर जव्हारला आगार आहे. नाशिक, पालघर, डहाणू, ठाणे या बाजूंच्या गाड्या मिळतात, पण पाड्यांकडे जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या असतात, तेव्हा परतीची शेवटची गाडी सकाळीच विचारून ठेवावी. पुढे जीपचा पर्याय आहे आणि ती भरल्याशिवाय निघत नाही. गाव सोडले की मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे सुटे पैसे जवळ असावेत. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, विशेषतः बायकांचे आणि घराच्या आतील भिंतींचे. मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. काही द्यायचेच असेल तर शाळेतील शिक्षकांना भेटून काय हवे ते विचारावे.

खरेदी शक्यतो पाड्यावर किंवा आठवडे बाजारात, बसलेल्या बाईकडूनच करावी. बाजाराचा वार राहण्याच्या ठिकाणी आधी विचारून घ्यावा आणि सकाळी लवकर जावे, कारण लांबून चालत आलेल्या बायका दुपारी परततात. नागली, वरई, उडीद आणि पावसाळ्यात रानभाज्या चांगल्या मिळतात. वाट्याची किंमत मुळातच कमी असते, तीवर घासाघीस करू नये. वारली चित्र घ्यायचे असेल तर ते काढणाऱ्याच्या घरी जाऊन घ्यावे, चित्रातील चौक (देवाभोवतीची चौकट), तारपा आणि देव यांची माहिती त्याच्याच तोंडून ऐकावी आणि मोठे चित्र हवे असल्यास काही आठवडे आधी सांगून ठेवावे, कारण कापणीच्या दिवसांत चित्रकारही शेतातच असतो.