ताई फक्त सोबत आल्या होत्या

बीपीच्या ओपीडीत शेवटचे काही पेशंट उरले होते तेव्हा छप्पन वर्षांचे एक गृहस्थ लंगडत आत आले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. मागून त्यांची फाइल घेऊन मोठी बहीण. भाऊ खुर्चीत बसले, ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तिथूनच सांगायला लागल्या. याचं बीपी उतरत नाही, गोळ्यांचं भान नाही, रात्रभर घोरतो, आणि कालपासून अंगठ्याला हात लावू देत नाही. एवढं बोलताना त्या मध्ये दोनदा थांबल्या, श्वास घेतला आणि पुढे बोलल्या. मी म्हटलं, बसा ना. "मी काय, सोबत आलेय. त्याचं बघा आधी."

दोघांनी परवानगी दिली म्हणून हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आधी भावाचं पाहिलं. पायाच्या अंगठ्याचा सांधा लालभडक, गरम, कातडी ताणून चकचकीत झालेली. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन झाला नव्हता. हा गाउट, म्हणजे रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून सांध्यात साठल्याने होणारा आजार, त्याला वेगळं काही शोधायला नको. युरिक अ‍ॅसिड नऊच्या वर निघालं. बीपी १५८/९६. चालू गोळी होती टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली. बीपीसाठी ती चांगलीच, पण तिच्यातलं थायझाइड लघवी वाढवताना युरिक अ‍ॅसिड मात्र शरीरात धरून ठेवतं. ज्याचं मुळात वाढलेलं आहे त्याला ती गोळी सोसत नाही. पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं, कारण पाळी चालू असेपर्यंत बायकांमधलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक मूत्रपिंडांना युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करत असतं. पाळी गेल्यावर तेही संरक्षण ओसरतं.

मान मोजली, त्रेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे जाड. अशा मानेत झोपेत श्वास अडायची शक्यता जास्त. घोरणं होतंच, शिवाय मधेच श्वास बंद होतो आणि मग दचकून जाग येते, हे ताईंनीच सांगितलं. दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. झोपेत असा श्वास अडत असेल तर शरीर रात्रभर धोक्याच्या घंटेवर असतं, आणि तीन-तीन गोळ्या देऊनही बीपी हटत नाही. ताईंना वजन करून यायला बाहेर पाठवलं आणि भावाला दोन प्रश्न विचारले. एक, चढ चढताना किंवा जिन्यावर छातीत जड होतं का? होतं, थांबलं की जातं. दुसरा, पत्नीसोबतच्या संबंधात काही अडचण? ते खाली बघत म्हणाले, दोन-तीन वर्षं झाली.

हा दुसरा प्रश्न मी बीपीच्या प्रत्येक पुरुषाला विचारते आणि तो उगाच नसतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आतून अस्तर खराब व्हायला लागलं की तक्रार आधी तिथे दिसते. छातीत दुखायच्या काही वर्षं आधी मिळालेली ती सूचना असते. पेशंट लाजतो, डॉक्टर घाईत असतो आणि सूचना वाया जाते. यांचा ईसीजी काढला आणि थेट हृदयरोगतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहिली.

गाउट, घोरणं, छातीतलं जडपण, मूत्रपिंडं थकू लागल्याचं सांगणारं, वाढू लागलेलं क्रिएटिनिन. उच्च रक्तदाबासोबत येणाऱ्या आजारांचं जे चित्र आम्ही शिकलो, ते म्हणजे हे गृहस्थ. त्याला इतिहासही आहे. बीपीवर औषध दिल्याने माणूस वाचतो हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं ते अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या १९६७ च्या अभ्यासाने. त्यात १४३ रुग्ण होते आणि सगळे पुरुष. ज्यांचं खालचं बीपी ११५ ते १२९ होतं अशांवर तो केला होता. मोलाचं काम, त्याच्यावर आमची सगळी विद्या उभी आहे. पण पुढे १९७७ मध्ये तिथल्या औषध नियामकांनी मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायचं ठरवलं, आणि तो निर्णय मागे घ्यायला १९९३ उजाडलं. बीपीचा पेशंट म्हटलं की डोळ्यांपुढे आधी पुरुष येतो, तो असा.

ताई वजन करून परत आल्या आणि या वेळी खुर्चीत बसल्या, कारण उभं राहवत नव्हतं. वजनकाटा दारापासून पंधरा पावलांवर आहे. त्यांनी चप्पल काढली तेव्हा पावलावर पट्ट्याची खोल खाच दिसली, चप्पल काढल्यावरही तशीच राहिलेली. मी खाली वाकून नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा खड्डा पडला होता आणि तो भरेना.

"ते गोळीमुळे आहे," त्या म्हणाल्या. "माझं बीपी बॉर्डरला असतं. अ‍ॅमलोडिपिन चालू आहे. त्यानं पाय सुजतात म्हणे."

सुजतात, आणि पुरुषांपेक्षा बायकांचे जास्त सुजतात. त्यामुळेच तर पुढे कोणी बघत नाही. पण अ‍ॅमलोडिपिनच्या सुजेत मानेची शीर फुगत नाही. ताईंना तपासणीच्या टेबलावर डोक्याकडची बाजू उंच करून टेकवलं. उजव्या बाजूची शीर जबड्यापर्यंत भरलेली होती. पाच मिनिटं शांत बसवून घेतलेलं बीपी १७०/८२. वरचा आकडा एवढा आणि खालचा त्या मानाने कमी, म्हणजे रक्तवाहिन्या ताठ झालेल्या. वय एकसष्ट.

मग एकेक विचारत गेले. रात्री दोन उशा लागतात, कधी तीन. मध्यरात्री गुदमरून उठतात, खिडकीशी जाऊन उभ्या राहतात. दम लागतो म्हणून आधी एकीकडे दाखवलं होतं. तिथे टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, "पंपिंग उत्तम आहे, हार्ट नॉर्मल" असं सांगितलं गेलं, आणि धडधड होते म्हणून चिंतेवरची गोळी सुरू झाली. तो रिपोर्ट त्यांच्या पर्समध्ये चार घड्या घालून ठेवलेला होता. ईएफ ६२ टक्के, खाली पेनने रेघ मारलेली. रेघेच्या खालच्या ओळी कोणी वाचल्या नसाव्यात: डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत जाड, डावी कर्णिका (वरचा कप्पा) मोठी, हृदय सैल पडण्यात दोष, दुसरी पायरी.

ईएफ म्हणजे दर ठोक्याला जवनिका आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलते. ताईंचं हृदय ढकलत होतं जोरातच. त्याला सैल पडता येत नव्हतं. वर्षानुवर्षं दाबाविरुद्ध काम करून भिंत जाड झाली, आतली जागा लहान राहिली, आणि आता त्यात रक्त भरायचं म्हणजे जाड रबराच्या पिशवीत पाणी भरण्यासारखं, जोर लावल्याशिवाय भरतच नाही. तो जोर मागे फुप्फुसांवर येतो, माणूस धापा टाकतो. पंपिंग नॉर्मल असलेलं हे हार्ट फेल्युअर पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. पुरुषाचं हृदय बऱ्याचदा अटॅकनंतर कमजोर होऊन पसरतं आणि ईएफ खाली येतो, त्यामुळे ते रिपोर्टच्या पहिल्या ओळीतच पकडलं जातं. बाईचं सुटतं.

आणि हे काही काल कळलेलं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांचा माग ठेवला गेला. त्या अभ्यासातून १९९६ मध्ये आलेला निष्कर्ष मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते: उच्च रक्तदाबामुळे हार्ट फेल्युअरचा धोका पुरुषांत सुमारे दुप्पट आणि स्त्रियांत सुमारे तिप्पट होतो. हार्ट फेल्युअरमधला बीपीचा वाटा पुरुषांत ३९ टक्के, स्त्रियांत ५९. म्हणजे बायकांच्या बाबतीत निम्म्याहून अधिक. बाईला बीपी असेल आणि दम लागत असेल तर "वजन कमी करा" म्हणून तिला परत पाठवणं मला मान्य नाही. वजन कमी करायला सांगावं, पण तिचं हृदय तपासून.

ताईंचे बाकीचे आजार विचारले तेव्हा त्यांनी आधी "काही नाही" सांगितलं. मग निघालं ते असं. थायरॉइडची गोळी बारा वर्षांपासून. गुडघे दुखतात म्हणून रोज एक डायक्लोफिनॅक, कधी दोन. हे त्यांना औषध वाटतच नव्हतं, "ती तर दुखण्याची गोळी." डायक्लोफिनॅक अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं, बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी करतं. गुडघेदुखी पन्नाशीनंतर बायकांनाच जास्त छळते, त्यामुळे ही गोळीही त्यांच्याच पोटात जास्त जाते. मधे एकदा बीपीसाठी रामिप्रिल दिलं होतं, त्याने कोरडा खोकला लागला म्हणून बंद केलं. हा खोकला बायकांना पुरुषांच्या साधारण दुप्पट प्रमाणात होतो. जुन्या केसपेपरवर मात्र त्यापुढे लिहिलेलं होतं, "औषधं नियमित घेत नाहीत." आणि स्वतःच्या गोळ्या संपल्या की त्या भावाची घ्यायच्या. बीपीचीच तर आहे! तीच थायझाइडची गोळी. उतारवयातल्या बायकांचं सोडियम या गोळीने झपकन उतरू शकतं, चक्कर येते, गोंधळ उडतो, पडून हाडही मोडतं. एकाच घरात एकच डबा, आणि एकाला त्यातल्या गोळीने गाउट चढलेला, दुसरीला तिच्यामुळे पडायची भीती.

मग तो प्रश्न विचारला जो बीपीच्या ओपीडीत सहसा विचारला जात नाही: बाळंतपणं कशी झाली होती?

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात बीपी चढलं होतं, लघवीतून प्रोटीन जात होतं, तोंड सुजून डोळे मिटले होते. झटके येतील म्हणून घाईने सिझेरियन केलं, मुलगी दीड किलोची. "पण ते सगळं बाळंतपणाबरोबर गेलं," त्या म्हणाल्या. दवाखान्यातून सोडताना तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं की आता दरवर्षी बीपी बघत जा. गरोदरपणात असा प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट, हार्ट फेल्युअरचा जवळपास चौपट असतो. पाळीही त्यांची चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली होती, तीही लवकरच. म्हणजे या हृदयाची गोष्ट तिसाव्या वर्षाच्या आसपास सुरू झाली होती आणि एकाही कागदावर तिची नोंद नव्हती.

भाऊ अंगठ्याचा ठणका विसरून ऐकत होते. "ताई, तुला रात्री असं होतं? कधीपासून?"

"तुझं एवढं चाललेलं, त्यात माझं काय सांगत बसू."

रक्त तपासलं, हृदयावर ताण आला की वाढणारं एनटी-प्रोबीएनपी चांगलंच वाढलेलं होतं. ताईंना त्याच दिवशी ॲडमिट केलं. सोबत आलेल्या ताई वॉर्डात गेल्या आणि फाइलवाले भाऊ औषधं घेऊन घरी गेले. जाताना डब्यातल्या गोळ्या वेगळ्या करायचं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

एक सांगायला हवं. बायकांचे आजार आणि पुरुषांचे आजार यांत कुठेही भिंत नाही. गाउटच्या बायका माझ्याकडे येतात, ताठ हृदयाचे पुरुषही येतात. झोपेत श्वास अडणं तर पाळी गेल्यावर बायकांमध्ये भरपूर दिसतं, फक्त त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर थकवा, असं सांगतात आणि झोपेची गोळी घेऊन जातात. ताईंचीही झोपेची तपासणी नंतर केली आणि त्यांनाही सौम्य त्रास निघाला.

भावाची अँजिओग्राफी झाली, मुख्य डाव्या बाजूच्या वाहिनीत मोठा अडथळा होता, स्टेंट बसला. थायझाइडची ती एकत्र गोळी बंद करून लोसार्टन दिलं, ते बीपीबरोबर युरिक अ‍ॅसिडही थोडं उतरवतं. रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावून झोपू लागल्यावर बीपी पहिल्यांदा १३० च्या घरात आलं. ताईंची लघवी वाढवणारी औषधं सुरू केली, डायक्लोफिनॅक बंद, गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी. शिवाय एम्पाग्लिफ्लोझिन दिलं, मूळचं मधुमेहाचं औषध. ताईंना मधुमेह नाही, तरी दिलं, कारण पंपिंग शाबूत असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही ते उपयोगी पडतं हे २०२१ मध्ये जवळपास सहा हजार रुग्णांवरच्या अभ्यासाने दाखवलं आणि त्यात बायका ४५ टक्क्यांच्या आसपास होत्या. चार किलो वजन उतरलं, सगळं पाणी. चिंतेची गोळी हळूहळू कमी करत थांबवली. धडधड परत आली नाही.

तपासणीला पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी मुलीचा विषय काढला. तीच ती, दीड किलोची. उशिरा लग्न झालं, आता पहिलीच खेप, चौदावा आठवडा. "तिलाही माझ्यासारखं होईल का?"

होईलच असं नाही, पण आईला प्रीएक्लॅम्प्सिया झालेला असणं आणि स्वतःचं पहिलं गरोदरपण, या दोन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्या आहेत. अशा वेळी कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन देतात आणि ते सोळा आठवड्यांच्या आत सुरू केलेलं बरं असतं. मुलीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मी तिथल्या तिथे पत्र लिहिलं: आईचा पूर्वेतिहास, सिझेरियन कितव्या महिन्यात, बाळाचं वजन किती, आज आईला काय आजार आहे, आणि अ‍ॅस्पिरिनचा विचार व्हावा ही विनंती. मुलीच्या गरोदरपणाच्या फाइलमध्ये कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात तोवर फक्त "मामांना बीपी" एवढंच लिहिलेलं होतं.