नऊ नंबर

२९ जुलै, रात्री

"ही नऊ नंबरवाली कोन गो? लय घाईत होती वाटतं."

रोपवाटिकेतल्या काकींनी एवढंच विचारलं. माझ्याकडे बघूनही नाही, पिशव्या उपड्या करता करता. आणि मी म्हटलं, "काय माहीत."

दुपारपासून हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. काय माहीत. मला माहीत होतं. नऊ नंबर माझाच. पाच जुलैला कलम बांधणीच्या स्पर्धेत सेफ्टी पिनने तो माझ्या ओढणीला लावला होता, आणि त्याच नंबरच्या चिठ्ठ्या तेवीस पिशव्यांना मी स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या.

प्रॅक्टिकल लवकर सुटलं म्हणून पाऊस ओसरेपर्यंत रोपवाटिकेच्या शेडमध्ये थांबले होते. पाऊस हे निमित्त, मला माझी कलमं बघायची होती. चोवीस दिवस झाले, आता डोळे फुटले असतील, तांबूस पानं आली असतील, एखादा फोटो काढून आबांना दाखवू असं मनात होतं. काकींनी मेलेली आधीच बाजूला काढली होती. पिशवी उपडी करायची, माती ढिगावर, सुकलेली काडी घमेल्यात, पिशवी पुन्हा वापरायला दुसऱ्या बाजूला. मी घमेल्यातल्या चिठ्ठ्या वाचत गेले. नऊ. नऊ. चार. नऊ. बारा. नऊ.

तेवीसपैकी सात जगली. काकी चहाला गेल्यावर मी मोजली. आणि मग राहवेना म्हणून स्पर्धेतल्या गुहागरवालीचीही मोजली. तिने अकरा बांधली होती. दहा जगली.

स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली होती. मी पहिली.

बक्षीस मला मिळालं याचं वाईट वाटतंय का? विचार केला तर तसं म्हणता येत नाही. नियम सगळ्यांना आधीच सांगितले होते. पाऊण तास, जास्तीत जास्त कलमं, आणि बांधणीच्या सफाईला वेगळे गुण. कलम लागलं की नाही ते कळायला तीन-चार आठवडे जातात, तोवर बक्षीस समारंभ कोण थांबवणार? परीक्षकांना जे दिसत होतं ते त्यांनी बघितलं. त्यांना बोल लावून माझी सुटका होणार नाही.

घमेल्यातली एक काडी मी उचलली होती. ब्लेडने पट्टी कापली. आत खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, चिरेत काडीची पाचर अर्धीच बसलेली. एका बाजूला साल सालीला टेकलेली, दुसऱ्या बाजूला नखाची कड जाईल एवढी फट. त्या फटीत पाणी शिरून सगळं काळं पडलेलं, बोट लावलं तर बुळबुळीत.

आणि मला ते कलम आठवलं. सतरावं असेल किंवा अठरावं. पाचर आत घालताना बोटांना कळलं होतं की ही बसलेली नाही. काडी जाड, खुंट बारीक, आणि माझा काप एका अंगाने वाकडा गेलेला. दुसरी काडी घ्यायला हवी होती. एखादं मिनिट गेलं असतं. पण आठ मिनिटं उरली होती आणि शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्यापुढे दोनाने होता. मी पट्टी गुंडाळली. खालून वर, एका वेढ्यावर दुसरा, ताणून, व्यवस्थित. पट्टी गुंडाळली की आतलं काही दिसत नाही.

सफाईचे गुणही सगळ्यात जास्त मलाच.

म्हणजे मला माहीत होतं. आज "काय माहीत" म्हणाले तेव्हाही, आणि त्या दिवशीही. हे पुन्हा पुन्हा लिहितेय, कारण दर वेळी वाटतं की लिहिलं की कमी होईल.

नाव दिलं तेव्हा काय ठरवलं होतं ते आठवून बघतेय. प्रश्नमंजूषेच्या संघात माझं नाव न विचारताच घातलेलं असतं. या वर्षी मीच जाऊन ते काढायला सांगितलं आणि कलम बांधणीत घालायला सांगितलं. मैत्रिणींना खरंच वाटेना. पाचवीच्या शिष्यवृत्तीपासून मी गुणवत्ता यादीतली. मग आठवीची शिष्यवृत्ती, दहावी, सीईटी. जे येतं तेच करत आले आणि त्यातच पहिली येत आले. जे येत नाही त्याच्या वाटेला गेले नाही. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आणि मला पोहता येत नाही. सायकल शिकले ती काळोख पडल्यावर, पडताना कुणी बघू नये म्हणून. या वेळी मनापासून वाटलं होतं की आपल्याला न येणारं काहीतरी सगळ्यांसमोर करू. शेवटचा नंबर आला तरी चालेल, असं आईला बोलूनही दाखवलं होतं.

आणि जूनचे ते पंधरा दिवस मला फार आवडले. आबांबरोबर पडवीत बसून. मेमध्ये खाल्लेल्या रायवळच्या कोयी त्यांनी वाफ्यात घातलेल्या होत्या. पानं अजून तांबडी असतानाच रोप अलगद उपटायचं, मुळाशी कोय तशीच चिकटलेली. शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची. मग हापूसची काडी, वितीपेक्षा कमी, डोळा फुगलेला पण न फुटलेला. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. काप एका ओढीत निघाला पाहिजे. दोनदा चाकू फिरवला की कापावर लाटा उठतात आणि मग तो कुठेच नीट टेकत नाही. आबांनी त्यांच्या उमेदीत सगळी जुन्या पद्धतीची भेटकलमं केली, या कोयकलमाला ते अजून "तुमचं नवीन" म्हणतात, पण चाकू धरायची पद्धत तीच. माझा अंगठा कापला, हळद लावली, पुन्हा बसले. किती काड्या वाया घालवल्या ते मोजलंच नाही. मी, जी सगळं मोजते. आबा बोलायचे नाहीत, नुसती पुढची काडी हातात द्यायचे.

वाडीतल्या आमच्या प्रत्येक हापूसच्या बुंध्याशी तो सांधा अजून दिसतो. खाली खरबरीत रायवळ, वर हापूस. कोय लावून हापूस येईलच असं नसतं, म्हणून प्रत्येक झाड कुणीतरी कधीतरी असं बसून बांधलेलं. मी लहानपणापासून त्या झाडांखाली अभ्यास केला आणि तो सांधा या जूनमध्ये पहिल्यांदा हात लावून बघितला.

मग पाच जुलैला शिट्टी वाजली. पाच मिनिटांच्या आत मी शेजारच्याची कलमं मोजायला लागले होते. पंधरा दिवस कुठल्या कुठे गेले. नवीन करायला म्हणून गेले आणि आयुष्यभर करत आले तेच केलं, पेनाच्या जागी चाकू होता एवढंच.

प्रशस्तिपत्र शोकेसमध्ये लागलंय. आईने मावशीला, आत्याला, सगळ्यांना फोटो पाठवले. बाबांचा मुंबईहून फोन आला, ते म्हणाले... ते राहू दे.

आबांचं मात्र कळत नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, वाडीतली एकोणीस हापूसची झाडं मुळासकट आडवी झाली होती. घरात कुणी जेवत नव्हतं. आबा तिसऱ्या दिवशी सुतळी घेऊन नवीन खड्डे आखायला निघाले. मी शेतीकडे आले ती त्या दिवसामुळे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अशा माणसाला "तेवीसपैकी किती लागली" हा प्रश्न पडला नसेल? त्यांनी प्रशस्तिपत्र चष्मा लावून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि पोस्टमनपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. किती लागली ते विचारलं नाही.

आज जेवताना कुळथाची पिठी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुझी कलमं आता पानावर आली असतील."

"हो," म्हटलं.

सात आली आहेत, म्हणजे खोटं बोलले असं नाही. पण तीच पट्टी गुंडाळली, आज दुसऱ्यांदा.

३० जुलै

झोप नीट लागली नाही. सकाळच्या एसटीत हर्णैपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसले. होड्या अजून वर ओढलेल्या, झापांखाली. १ जूनपासून बंद असलेली मासेमारी सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत, बंदरावर जाळी शिवायला माणसं बसली होती. कुणाला घाई दिसत नव्हती, आणि हात कुणाचाच थांबत नव्हता.

ते बघून एक गोष्ट मनात आली. रात्री मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की चूक घाईची, सावकाश केलं असतं तर जगली असती. पण काकी माझ्या दुप्पट वेगाने बांधतात आणि त्यांची जवळजवळ सगळी लागतात. त्यांचा चाकू तीनदा फिरतो, काडी बसते, पट्टी चढते. वेगाला दोष देणं सोपं आहे. स्पर्धेलाही. शिट्टी नसती तर मी त्या शेडमध्ये पाऊलही टाकलं नसतं, हेही खरं. माझ्या बोटांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि ते कुणाला दिसणार नाही म्हणूनच ऐकलं नाही. आज एवढंच नक्की सांगता येतंय.

हॉर्टीच्या, म्हणजे फळबागेच्या, तासाला आंब्याची रत्ना जात झाली. नीलम आणि हापूसचा संकर, आमच्याच दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ मध्ये दिलेली जात, साका पडत नाही, म्हणजे गर आतून खराब होत नाही. मग रत्ना आणि हापूसपासून सिंधू, १९९२, कोय अगदी पातळ. नेहमीप्रमाणे दोन रंगांत लिहून घेतलं, परीक्षेत चार गुणांना येतं. पण आज लिहिताना पेन थांबलं. संकराचं फळ धरलं, की त्याची कोय लावायची, झाड वाढवायचं, मोहोराची वाट बघायची, फळ चाखायचं, आणि मनासारखं नसेल तर ते झाड सोडून पुढच्याकडे वळायचं. त्या मधल्या वर्षांत त्या माणसांना घरी कुणी विचारलं असेल ना, काय झालं तुमच्या आंब्याचं? तेव्हा ते काय सांगत असतील? "अजून नाही" एवढंच म्हणायला किती बळ लागत असेल. मला "सोळा मेली" म्हणता येत नाहीये.

३१ जुलै

सांगितलं.

तास सुरू व्हायच्या आधी शेडमध्ये गेले. काकी वाफ्याशी बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकी, ती नऊ नंबरवाली मीच."

त्यांनी मान वर केली. "मंग परवा का नाय बोललीस?"

मला उत्तर आलं नाही. रागावतील, निदान हसतील असं वाटत होतं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि वाफ्याकडे हात केला. "साठ-सत्तर रोपा हायत अजून. पाना हिरवी झाली की काय उपेग नाय. बसतेस?"

दोन तास बुडवले. आयुष्यात पहिल्यांदा. पाट घेऊन त्यांच्या बाजूला बसले, बुरशीनाशकाच्या बादलीत हात बुडवून बुडवून बोटं पांढरी पडली. दोनदा पाचर बसली नाही. दोन्ही वेळा काढली आणि दुसरी काडी घेतली. दुसऱ्या वेळी ती नव्या कापाची काडी चिरेत सरकली तेव्हा दोन्ही बाजूंची साल अशी जुळली की मधली रेघ दिसेना. पट्टी गुंडाळायच्या आधी मी ती क्षणभर तशीच धरून बघितली. काकींनी माझ्या हातातून घेऊन उजेडाकडे केली, परत दिली, आणि आपल्या कामाला लागल्या.

मधल्या सुट्टीत गुहागरवालीला सांगितलं. आधी तिला वाटलं मी काहीतरी समजूत घालतेय. "दहा? अकरातली दहा?" असं तीनदा विचारलं आणि छत्री न घेता शेडकडे पळत सुटली. चिखलात चप्पल रुतली ती तिथेच टाकून. तिला तसं पळताना बघून मला इतका आनंद झाला. आणि त्याच वेळी पोटात बारीकशी कळही आली, की ही माझ्या पुढे गेली. ती कळ मला ओळखीची आहे, पाचवीपासूनची. ती जाणार नाही बहुधा. आज ती आली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं आणि गुहागरवालीची चप्पल चिखलातून काढून नळाखाली धुतली.

आबांना अजून सांगितलं नाही. सोमवारी त्यांना डोळ्यांच्या तपासणीसाठी दापोलीला यायचंच आहे. तिथून रिक्षाने शेडपर्यंत नेणार, शेवटच्या चढावर हात धरून. काकींना विचारून ठेवलंय. माझ्या सात पिशव्या एका ओळीत मांडल्या आहेत, आणि त्यांच्या मागे सोळा रिकाम्या, नऊ नंबरच्या चिठ्ठ्या तशाच ठेवून.