मुलीनं सांगितलेलं आईला का सांगत नाही?

शाळकरी मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे पालकांचा एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, पोरगी तुमच्याशी काय बोलली ते सांगा ना. आईबाप आहोत आम्ही." तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

कायदा तुम्हाला वगळत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, पण अल्पवयीनांचे प्रतिनिधी पालकच. काळजी घेण्यापुरती माहिती तुम्हाला मिळायलाच हवी. जीव द्यायचा विचार मुलीच्या मनात असेल, तर त्याच दिवशी तुम्हाला फोन येईल. पण मैत्रिणीशी झालेलं भांडण, बाबांवरचा राग हे सगळं घरी पोचतं असं कळलं, की मूल पुढच्या वेळी "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणतं.

खरी कोंडी वेगळीच आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, असा अत्याचार कळला की पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं गुन्हा आहे. हे मला मान्य आहे. पण त्याच कायद्यात अठराच्या आतल्या संमतीला किंमत नाही. सतरा वर्षांची मुलगी वर्गातल्या मुलाशी आलेल्या संबंधांबद्दल बोलली, तर तेही कळवायचं आणि त्या मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्पवयीन मुलीचं नाव न कळवण्याची मुभा दिली, पण ती गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांपुरती, मुलीनं आणि पालकांनी तशी विनंती केली तरच. अत्याचार आणि प्रेम यांतला फरक ओळखायला कायद्यानं जागा ठेवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर मी पहिल्याच भेटीत मुलांना सांगते, "तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्या वयामुळे पोलिसांना कळवावं लागेल असं काही असेल, तर मी गप्प बसू शकणार नाही. कुणाला सांगायचं, ते आधी तुला कळेल." काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. ज्या मुलावर अत्याचार होतोय ते अशानं तोंडच उघडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप खोटा नाही, तो मला छळतो. तरीही मी बदललेले नाही. "हे आपल्या दोघांतच ठेवायचं" हे वाक्य अत्याचार करणाऱ्यानं त्या मुलाला आधीच ऐकवलेलं असतं. तेच वचन मीही द्यायचं आणि मग मोडायचं, हे मला जमणार नाही.

बाकी गोष्टींत मी मुलांनाच विचारते, "यातलं आईला काय सांगू?" बहुतेक जण काहीतरी सांगू देतात. एका मुलानं एवढंच सांगायला सांगितलं होतं, की पेपरला निघताना आईनं मार्कांचा विषय काढू नये. आईनं ते पाळलं. तुम्हालाही काही जाणून घ्यायचं असेल, तर मुलीसमोरच विचारा. काय सांगायचं ते तिला ठरवू दे.