दीड मिलिमीटर

क्लॅरिनेट सुरात लावायचं म्हणजे ते लांब करायचं. तंबोऱ्याला खुंट्या असतात, मणी असतो. तबल्याला गठ्ठे असतात, हातोडी असते. क्लॅरिनेटला यातलं काही नाही. माउथपीसच्या खाली साडेसहा-एक सेंटिमीटरचा लाकडी तुकडा असतो, त्याला बॅरल म्हणतात. ती कॉर्कवरून जरा वर ओढली की नळी लांबते आणि सूर उतरतो. मात्र बॅरल पूर्ण आत दाबूनही सूर कमीच पडत असेल, तर पुढे रामराम. चढवायला जागाच नाही.

डिसेंबरातल्या एका रात्री, उघड्या मांडवात, माझं नेमकं हेच झालं. पेटीवाले काका म्हणाले, "पांढरी चार द्या." पांढरी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी पांढरी पट्टी. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर एकही बोट न लावता फुंकलं की पांढरी चारच वाजते, म्हणजे त्यांनी मला सगळ्यात सोपं काम सांगितलं होतं. मी फुंकलं. काका आधी पेटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"कणसूर आहे हो."

बॅरल तळाला टेकलेली. पेटी जुनी, मुळातच जरा चढी. त्यात माझं वाद्य गारठलेलं. गार हवेत ध्वनी हळू चालतो, म्हणून नळीतला सूर खाली बसतो, हे मला शाळेपासून पाठ होतं. पाठ असून उपयोग काय?

शेजारच्या खुर्चीवर शाल गुंडाळून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. चाळीस वर्षं वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेले. ते म्हणाले, "अरे, वाजवू नकोस. सगळी भोकं बंद कर आणि नुसती वाफ सोड आत." बेसूर पिपाणीवाल्याकडे बघावं तशी मंडळी माझ्याकडे बघत होती, आणि मी चहा गार करावा तसा, फक्त उलट कारणासाठी, त्या काळ्या लाकडात फुंकर घालत होतो. तीन-चार मिनिटांनी पुन्हा पांढरी चार दिली. बसली!

गंमत पुढेच आहे. तिसऱ्या गाण्यापर्यंत वाद्य इतकं तापलं की आता मी पेटीच्या वर. पेटीच्या पितळी सुरांना माझ्या श्वासाच्या उबेशी काय देणंघेणं? मग बॅरल दीड मिलिमीटर ओढली. पण दीड मिलिमीटर सगळ्या सुरांना सारखा लागत नाही. नळीच्या वरच्या भागातल्या सुरांची नळी आखूड, त्यांना तो फार जाणवतो. खालच्या लांब सुरांना जेमतेम. पांढरी चार बरोबर आली तर खालचे सूर चढेच राहतात. मग थोडं बॅरलला, थोडं नळीचे वरचा-खालचा भाग जुळतात त्या मधल्या जोडाला असं वाटून द्यावं लागतं. दोन सुनांमध्ये दागिने वाटण्याइतकंच नाजूक काम.

बाकीचं ओठांवर. ओठ सैल सोडला की सूर सहज खाली येतो, दाबून वर न्यायला गेलं तर जेमतेम केसभर चढतो. त्यामुळे दरबारी रागातला, नेहमीपेक्षा खाली लागणारा गंधार आपसूक जमतो, आणि वर चढलेला तीव्र मध्यम घाम काढतो. शिवाय जोरात फुंकलं की क्लॅरिनेट उतरतं आणि बासरी चढते. बासरीवाल्या मित्राबरोबर शेवटचा तुकडा जोशात वाजवायचा म्हणजे दोघांनी विरुद्ध दिशांनी घर सोडल्यासारखं होतं. त्या रात्री आम्ही तो तुकडा हळूच वाजवला. लोकांना वाटलं, काय भाव आहे!

कार्यक्रम संपल्यावर मी रुमाल आत ओढून नळीतलं पाणी पुसत होतो. काकांनी भाता बंद केला, पेटीवर कौतुकाने थाप मारली आणि म्हणाले, "पहिल्यांदा जरा कुरकुरली, पण नंतर छान लागली हो आज."